नमुना

टाकसाळीत पहारा चांदीला.
घरी निघताना जीभ उचलून दाखवायची,
केस झटकायचे, नखंसुद्धा पुढे करायची.
तांब्याला कोण विचारतो?
म्हणून तुला बाहेर आणणं सोपं गेलं, नमुन्या,
टाचेखाली, चपलेच्या वादीत.

राजाचं नाक मी कोरलेलं नाही. ते उस्तादाचं काम.
सिंहाची शेपटी माझी.
किल्ल्याचा डावा बुरूज जरा कललाय,
तोही माझाच; त्या दिवशी ताप होता.

मेक्सिको शहरात सगळं मिळतं, सुटे मिळत नाहीत.
जगभर चांदी पाठवणारं हे गाव,
आणि दोन मिरच्या घ्यायच्या तर
इफिखेनियाबाई कोकोच्या बिया मोजून मागते.
कोपऱ्यावरचा दोन लादिस्लाओ
साबणाच्या वडीवर स्वतःचा शिक्का मारून देतो:
हा घे अर्धा, उद्या ये.
हात ओला असला की पैसा फेसाळतो.
लादिस्लाओ मागच्या वर्षी देवाघरी गेला,
दुकानाला कुलूप,
गल्लीभर माणसं त्याच्या नावानं
हात धुऊन मोकळी.

तेव्हा वरून हुकूम आला,
गरिबांसाठी तांब्याचं नाणं पाडून बघा.
आम्ही सात पाडली.
पाच कापसात गुंडाळून, देवदाराच्या डबीत,
खेचरावरून वेराक्रूझला, तिथून गलबतावर.
एक साहेबाच्या मेजावर, कागद उडू नयेत म्हणून.
सातवा तू. काठाला चीर, म्हणून बाद.

म्हातारे हसले.
म्हणाले, तांबं पूर्वीही आलं होतं,
आमच्या पणज्यांनी ओंजळी भरभरून तळ्यात टाकलं.
खरं-खोटं तळ्याला माहीत,
आणि तळंही आता अर्धं बुजलंय.

दोन वर्षं वाट पाहिली.
गलबतं आली. तंबाखूबद्दल पत्र आलं,
मुद्रांकाच्या कागदाबद्दल आलं,
कुणा राजकन्येच्या बाळंतपणाबद्दल,
त्यासाठी घंटा वाजवल्या आम्ही.
तांब्याबद्दल अक्षर नाही.
नाही म्हणाले असते तरी चाललं असतं.

मग एका मंगळवारी साहेबानं ठसे काढायला सांगितले.
छिन्नी माझ्या हातात, घण माझ्या हातात,
राजाच्या तोंडावर आडवा घाव घालायचा,
आणि हुकूम राजाच्याच नावानं.
मी डोळे मिटून घातला.
शेपटीवर घालताना मात्र उघडे ठेवले.

तोमासा नऊ वर्षांची.
तिनं तुला माझ्या पेटीतून उचललं,
आतोले प्यायला गेली चौकात.
बाईनं तुला दगडावर वाजवलं,
दातांत धरलं, हुंगलंसुद्धा.
म्हणाली, राजा ओळखीचा वाटतो गं,
पण तू कोणाची?
आणि तुला परत दिलं, वर एक वाटी आतोलेही दिली.
म्हणजे तुझी किंमत झाली की नाही झाली,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या रात्री माझ्या बायकोची चाती फुटली.
मातीची होती, कितीदा फुटणार.
तिनं न विचारता तुला खिळा ठेवला मधोमध,
बरोबर राजाच्या कानामागे, आणि ठोकलं.
मी काही बोललो नाही.
उस्तादाला कळलं असतं तर रडला असता.
ते पाच जण अजून डबीत असतील,
कापसात, कोरे, कुणाच्या तरी खणात,
एकाही हाताचा घाम न लागलेले.

तू चालला नाहीस, नमुन्या.
पण आता रोज संध्याकाळी
टकळीच्या काडीवर बसून फिरतोस,
इतका जोरात, की राजा दिसत नाही,
सिंह दिसत नाही, कललेला बुरूज दिसत नाही,
नुसती तांबूस कड दिसते.
तोमासा सूत मोजते,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत, एक,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत, दोन.
बाजारात याचे चांगले येतात.
साबणात देतात, पण येतात.